भिंतीनं ठिवून घेतलेलं बोलणं

१० फेब्रुवारी १९९१, रविवार

आले बाई एकदाची. पिशवी खाली ठिवली, खोलीची कडी आतनं लावून बघितली, परत काढली, परत लावली. आतनं लागणारी कडी जल्मात पहिल्यांदा मिळालीय, तर तिच्याशी खेळणारच की.

बंगला चौफुल्यावरनं शिरूरला जाताना न्हावऱ्याच्या अलीकडं, उसाच्या मधी हाय. आमच्या केडगावापासनं फार लांब न्हाई, पर दिराच्या नजरंपासनं लांब हाय, तेवढं बास. नवरा गेल्यापासनं ह्यो म्हस्कू, माझा दीर, मी कुणासंगं बोलले, कुणाकडं बघून हसले, समदं ध्यानात ठिवतो आन् सांजच्याला जावंच्या कानात वततो. माझी जीभ पहिल्यापासनं वळवळी, चेष्टा केल्याबिगर मला घास जात न्हाई. म्हस्कू म्हनतो, नवरा मेलेल्या बाईनं हसू न्हाई. मी म्हनलं, मेला त्यो, मी न्हाई.

काम लावून दिलं अकबरभाईनी. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या सुलतानबीचा ल्योक, हितल्या जीपवर डायवर हाय. साहेब रशियाचा, वकिलातीतला. वकिलात म्हंजी एका देशानं दुसऱ्या देशात मांडलेलं हापीस. सणसवाडीकडं त्यांच्या मशिनींचा कारखाना उभा ऱ्हातोय, तिथं त्यांचे इंजिनेर आलेत. त्या इंजिनेरांची आन् आपल्या सरकारची बोलणी जुळवून द्यायला साहेबाला मुंबईवरनं हिकडं बसवलाय. बंगला बापूसाहेबांचा, साखर कारखान्याच्या राजकारणात असतात ते. नवा कोरा हाय.

साहेबाचं नाव गेन्नादी. मी चहा द्यायच्या आधीच त्याचा गेनबा करून टाकला, तर हसला बिचारा. मराठी बोलतो, पर शाळंच्या पुस्तकातनं उठून आल्यावानी. मला म्हनला, कृपया मला पेलाभर पाणी मिळेल का. मी म्हनलं, पाण्याला एवढी आर्जवं, तर जेवणाला लोटांगण घालाल. बायको तामारा. उंच, भुऱ्या केसांची, हात मातर कामाचे. तिनं बिटाचं लालभडक कालवण केलं, मी भाकरी थापल्या. दोघींनी एकमेकीचं खाल्लं, दोघींनी तोंड वाकडं केलं आन् मंग जी हसलो! ती बी मोडकंतोडकं हिंदी बोलते, मी बी तसंच. म्हणून चांगलं जमतंय. ही वही तिनंच दिली.

२४ फेब्रुवारी

आज डोकं फिरलंय.

अकबरभाईनी मला शेवग्याखाली नेऊन सांगितलं, आक्का, घरात तोंड आवर, हे घर ऐकतंय. मला वाटलं माझीच चेष्टा माझ्यावर उलटवली. न्हाई. बंगला बांधताना बापूसाहेबांच्या गवंड्याला आतलं पलिस्तर करू दिलं न्हवतं. मुंबईवरनं वकिलातीची माणसं आली, दारं लावून घेतली, भिंतीत वायरी पुरल्या, वरनं पलिस्तर केलं. समद्या वायरी कोठीच्या खोलीत जातात. तिथं टेपाचं मशिन हाय, थाळीएवढ्या चकत्या फिरतात म्हनं. दर शनवारी मुंबईचा माणूस येतो, जुन्या चकत्या नेतो, नव्या लावतो. साहेबाच्याच देशाचा, साहेबावरच ध्यान ठिवाय. कोठीची किल्ली त्याच्यापाशी. दोघांचे पासपोर्ट बी त्याच्यापाशी. मोटारीवर झेंडी लावून फिरतो साहेब, आन् घरातल्या खोलीची किल्ली न्हाई त्याच्याकडं.

तवा कळलं, ही दोघं भांडायची झाली की न्हाणीत जाऊन नळ का सोडतात. बाईला मी अंगणात इचारलं. ती म्हनली, वकिलातीतल्याच्या बायकोचं असंच असतंय. आधी ज्या देशात व्हते तिथं असंच, त्यांच्या सोताच्या गावात बी असंच. तुम्ही कुठं बी जा, घर तुमच्या आधी जाऊन ऐकत बसलेलं. इतका संसार झाला, नवऱ्याशी मोकळं बोलणं काय ते नळाखाली.

मी दिराच्या कानापासनं पळाले ती ह्या मेल्याच्या कानात येऊन पडले. आंघोळीला गुणगुणते ते बी ऐकलं असंल. झोपंत कण्हले ते बी. लाज न्हाई वाटत? म्हस्कूला निदान तोंडावर शिवी देता येती. ह्या शनवारच्याला ती बी कळायची न्हाई.

पोटात मावंना म्हणून लिहिते. कागद तरी मुका असतो.

१७ मार्च

काल मजा झाली.

गेल्या आठवड्यात रागारागानं मी भिंतीलाच म्हनलं, ऐकतोस ना मेल्या, तर ऐक, तवा वाकडा झालाय, भाकरी मधीच करपती. काल शनवारचा माणूस आला, तोंड न उघडता कोठीत गेला, आन् जाताना ओट्यावर नवा तवा ठिवून गेला. बिडाचा, जड! मी तवा घेऊन बाईकडं पळाले. बाई एवढ्यांदा हसली की तिनं सोताच तोंडावर हात ठिवला. मंग अंगणात येऊन म्हनली, तिकडं समदे वकिलातवाले असंच करतात. नळ गळतोय, दिवा गेलाय, तर हापिसात अर्ज करत न्हाईत, भिंतीला सांगतात. दुसऱ्या दिशी माणूस येतो.

कालपासनं आमचा दोघींचा खेळच झालाय. बाई भिंतीला साबण मागती, मी हिंग मागते. साहेब मातर गोरामोरा व्हतो, त्याला न्हाई आवडत. मी भिंतीला म्हस्कूच्या समद्या भानगडी सांगितल्या. जात्यावरची गाणी म्हनली, त्यात शनवारच्याचं नाव घालून. ऐकायचंच हाय ना, मंग पोटभर ऐक.

अकबरभाई न्हाई हसला. शेवग्याखाली म्हनला, आक्का, बोललेलं वाऱ्यावर जातं म्हणून बरं असतं. हितलं कुठं जात न्हाई. तू त्याला लई देतीस. मी म्हनलं, माझ्यापाशी लई हाय.

२२ ऑगस्ट

चार दिस रेडिओ बंद न्हाई. त्यांच्या राजधानीत रणगाडे आले. देशाच्या मोठ्या साहेबाला कोंडला म्हनं, मंग सोडला म्हनं. बाई रेडिओच्या पुढनं उठली न्हाई. साहेबानं अंगणात कागदं जाळली, माझ्या चुलीतली लाकडं घेऊन. मी गप बसले. कवा गप बसायचं ते मला बी कळतंय.

आज त्याला बोलवणं आलं. मुंबई, मंग दिल्ली, तिथनं इमानानं तिकडं. एकट्यालाच. बाईचा पासपोर्ट शनवारच्याकडं, त्यो गेल्या शनवारी आलाच न्हवता.

जीपपाशी, घरापासनं लांब, साहेब मला हळूच म्हनला, “सोजराबाई, मी परत आलो नाही, तर तामाराला या घरात राहू देऊ नका. तिला मुंबईच्या कार्यालयात पोचवा. मला वचन द्या.”

मी वचन दिलं. पर मनात आलं, अरे बाबा, घर राहायजोगं न्हाई हे तुला ठावं हाय, तर इतके दिस तिला ठिवलीस कशाला? हे मोठे साहेब. देश राखतेत, बायको राखायला मला सांगतेत.

२९ सप्टेंबर

साहेबाचा फोन न्हाई. बंगल्यातला फोनच बंद पडला. शनवारचा माणूस त्या दिवसापासनं आला न्हाई. सणसवाडीचे इंजिनेर बी निघून गेले, कारखान्याच्या दाराला कुलूप. पगारपाणी, हुकूम, समदं थांबलं. आता कुणी कुणाचं ऐकत न्हाई, असं अकबरभाई म्हनतो.

५ ऑक्टोबर

आज अकबरभाईनी कोठीचं कुलूप तोडलं. आत धूळ. चकत्या भरून थांबल्यात, फीत सुटून फरशीवर पसरलीय. त्यानं वायरी वढून काढल्या, मशिन अंगणात आणून टाकलं. मी त्याच्यावर खरकटं पाणी वतलं. किती बरं वाटलं सांगू.

दुपारी एकटीच भाजी चिरत व्हते. कुकरची शिट्टी झाली.

कुकर मांडलाच न्हवता. फडताळात व्हता, पालथा.

मंग कुणीतरी हसलं. ओट्यामागच्या भिंतीतनं. हसणं वळखीचं व्हतं. माझं व्हतं.

९ ऑक्टोबर

काल दिवाणखान्यातनं साहेबाची हाक आली. तामारा, अशी. बाई हातातलं टाकून पळाली. खोलीत कुणी न्हाई. परत हाक आली, भिंतीतनं. मंग त्यांच्या भाषेत काय काय बोलला. बाई भिंतीला गाल लावून उभी, डोळ्यातनं धारा. मला म्हनली, त्यो म्हनतोय थांब, मी येतोय.

मी नीट ऐकलं. त्याच्या बोलण्याच्या मागं थप थप आवाज व्हता. भाकरी थापायचा. माझ्या हाताचा. म्हंजी हे मागंच कवातरी तो बोलला व्हता, मी सैपाक करताना. भिंतीनं ते ठिवून घेतलंय आन् आता काढून दाखवतीय.

बाईला अंगणात नेऊन समजावलं. माझं हसणं ऐकलेलं बी सांगितलं. मशिन तर उकिरड्यावर हाय, वायरी न्हाईत. मंग बोलतंय कोण? बाईनं मान हालवली आन् परत आत गेली.

३ नोव्हेंबर

अकबरभाईनी चौफुल्याच्या बूथवरनं मुंबईला फोन लावला. लई येळानं कुणीतरी बोललं. बाईला घेऊन या, कागद करून देऊ, पर ती सोता आली पायजे. म्हंजी वाट हाय. जीप हाय. डिझेल हाय. एका दिवसाचं काम.

बाई येत न्हाई. दिवसभर भिंतीपाशी. खात न्हाई. भिंत थांब म्हनती आन् ही थांबती.

मी आज भिंतीला तोंडात येतील तेवढ्या शिव्या दिल्या. दिराला दिल्या न्हवत्या त्या बी दिल्या. अकबरभाई खिडकीबाहेरनं हात जोडून गप कर म्हनत व्हता. मला राग आवरंना. तू साहेबाची न्हाईस, कुणाची न्हाईस, तुला ऐकायला बसवणारं सरकार बी उठून गेलं, मंग तू कुणासाठी ऐकतीस गं भवाने?

भिंत गप. सांजच्याला त्याच शिव्या आल्या. माझ्या आवाजात. पर हळू. मायेनं दिल्यावानी.

४ नोव्हेंबर

आजपासनं घरात तोंड उघडायचं न्हाई. एक शबूद बी न्हाई. जेवढं दिलं तेवढ्यावरच तिचं पोट भरलंय.

माझं बोलणं बंद केलं ह्या घरानं. जे म्हस्कूला जमलं न्हाई ते हिनं केलं.

२६ डिसेंबर

रेडिओवर सांगितलं. बाईचा देश आता न्हाई. झेंडा उतरवला. माणसं हायती, बर्फ हाय, देश तेवढा न्हाई.

अकबरभाई बूथवरनं आला, तोंड उतरलेलं. साहेब गेला. आत्ता न्हाई, सप्टेंबरातच, तिकडं दवाखान्यात. कुणी कळवलं न्हाई. कळवणाऱ्यांचीच हापिसं बंद.

सप्टेंबरात. आन् भिंत त्याला परवापर्यंत बोलवत व्हती.

बाईला उसाच्या बांधावर नेऊन सांगितलं. ती मातीत बसली. बोटातली अंगठी फिरवत ऱ्हायली. मंग अकबरभाईला म्हनली, उद्या जाऊ. सोता म्हनली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. आज रात ती माझ्या खोलीत, माझ्या अंथरुणावर. कानात कापसाचे बोळे घातलेत तिच्या.

उद्या हे संपलं. साहेबाला दिलेलं वचन पुरं व्हतंय.

२७ डिसेंबर, दुपार

लिहिते, न्हाईतर इसरंल.

जीप फाटकापाशी. मी आन् अकबरभाई ट्रंक बांधत व्हतो. बाई पडवीत बूट घालत बसली व्हती. कानातले बोळे काढले व्हते, निघायचंच म्हणून. घरातनं माझी हाक आली, “बाई, चहा झालाय, या की आत, का पाटावर बसवून पाजू?”

रोज मी हेच वरडायची. ह्याच सुरात.

मी फाटकात. माझं तोंड बंद. मी वरडले, बाई, न्हाई, मी हितं हाय. पर ती उठली व्हती. तिला समदं ठावं व्हतं, तरी उठली. चहाची हाक आल्यावर माणूस इचार करत बसतंय व्हय? एक बूट पायात, एक पडवीत. आत गेली. दार लागलं.

अकबरभाईनी खांद्यानं दार उघडलं. समद्या खोल्या बघितल्या. न्हाणी. माळा. कोठी. न्हाई. खिडक्यांना गज हायती. मागलं दार बंद. कुठं जाईल? ओट्यावर चहाचा कप बी न्हाई.

त्यो बापूसाहेबांना आन् माणसांना आणाय गेलाय. मला जीपमधी बस म्हनला. मी न्हाई बसले. वचन मी दिलंय, जीपनं न्हाई. आत आले परत. दिवाणखान्यात भिंतीपुढं उभी ऱ्हाऊन—

दार लागलं मागं.

कडी उघडीच हाय. दार निघंना.

२७, दिवस कलताना

जीप आली. बापूसाहेब, दोन गडी, अकबरभाई. मी खिडकीत. गज धरून वरडतीय. माझा आवाज माझ्याच कानात येत न्हाई. तोंड हालतंय, आवाज भिंत पिती. काचंवर उन्हाची तिरीप, त्यांना मी दिसंना.

आन् पडवीच्या भिंतीतनं मी बोलले. मी न्हाई. ती.

म्हनली, काय न्हाई वो अकबरभाई, चेष्टा केली तुमची. बाई झोपल्यात. जावा घरी.

बापूसाहेब हसले. मोठ्यानं. म्हनले ही बाई अशीच, समद्या केडगावाला म्हाईत हाय, चला. गडी बी हसले.

हसा. बाई मरू द्या, तुम्ही हसा. आयुष्यभर माझ्या हसण्यावर नजर ठिवली, आज नेमकी खरी बोलतीय तर—

अकबरभाई हालला न्हाई. म्हनला, आक्का, एकदा तोंड दाखव.

भिंत म्हनली, “नवी नवरी हाय का मी, तोंड दाखवायला?”

हे मी उन्हाळ्यात त्यालाच म्हनले व्हते. ह्याच ओट्यापाशी. मागं पळीचा आवाज, फोडणीचा चरचराट. ऐक ना अकबरभाई, फोडणी ऐक, हितं चूल इझलीय—

त्यो हसला न्हाई. दाराकडं एक पाऊल टाकलं त्यानं.

पर गेला. बापूसाहेबांनी हाताला धरून नेला.

२८ डिसेंबर

सकाळ हाय. दार न्हाई निघत.

भिंत गप हाय. लई गप.

मंग हाक आली. सोजरा. बाईची. बारीक. दिवाणखान्यातनं.

कान लावला. मागं भाकरी थापल्याचा आवाज न्हाई. नळ न्हाई. कुकर न्हाई. मागं काय बी वाजत न्हाई. म्हंजी हे जुनं न्हाई. हे आत्ताचं हाय. बाई आत्ता बोलतीय, आतनं—

हात लावला. पलिस्तर गरम हाय. आतनं कुणी थोपटतंय.

मला वाटलं मी भिईन. न्हाई. एवढा राग जल्मात आला न्हवता. माझं हसणं घेतलं, शिव्या घेतल्या, चहाची हाक घेतली, आन् त्याच हाकंनं माझी बाई न्हेली.

वरवंटा आणलाय.

पहिला घाव घातला. भिंतीनं बोंब मारली, माझ्याच आवाजात. आन् दुखलं मला, बरगडीत. दुखू दे.

दुसरा. पलिस्तर पडलं. तोंडातनं रगत आलं माझ्या. बोटं दिसतात. बाईची. हालतात. अंगठी हाय.

तिसरा घालते. भिंत आता रडतीय, हात जोडल्यावानी इनवतीय, माझ्या सासूच्या दारात मी रडले व्हते तशीच, हे तिला कुणी सांगितलं, हे मी तिला कवा बी—

ऐकणार न्हाई. आता तू ऐक. बाई, डोकं मागं घ्या, बोटं सोडू नका, मी आले, एवढा एकच